गेलेल्याच्या खाटेवर

मराठी मालिका बघणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलं आहे. नट मालिका सोडून गेला, की दुसऱ्या दिवशी त्याच नावाचा, त्याच बायकोचा नवरा म्हणून भलताच चेहरा दार उघडून आत येतो आणि घरात कुणाच्याही भुवया उंचावत नाहीत. नाहीतर त्या पात्राला कंपनी तडकाफडकी अमेरिकेला पाठवते आणि ते पुन्हा फोनवरसुद्धा भेटत नाही. अमेरिकेतल्या 'मॅश' या मालिकेवर ही वेळ अकरा वर्षांत अनेकदा आली. तिनंही आपली बहुतेक माणसं अमेरिकेलाच पाठवली. पण तिथं अमेरिकेला जाणं म्हणजे युद्धातून सुटणं होतं, आणि मागे राहिलेल्यांना ते सहजी पचत नव्हतं.

'मॅश' म्हणजे अमेरिकी लष्कराचं फिरतं शल्यरुग्णालय. आघाडीच्या मागे काही मैलांवर तंबू ठोकायचे, जखमींना हेलिकॉप्टरनं किंवा अॅम्ब्युलन्सनं आणायचं, जीव वाचेल इतकी शस्त्रक्रिया करायची आणि पुढं धाडायचं. कोरियातल्या युद्धात अशा एका तळावर, ८०५५ क्रमांकाच्या रुग्णालयात, रिचर्ड हॉर्नबर्गर नावाचा सर्जन होता. त्यानं रिचर्ड हूकर या टोपणनावानं १९६८ साली कादंबरी छापली. १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमननं तिच्यावर चित्रपट काढला, आणि १७ सप्टेंबर १९७२ पासून सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली. लेखनाची सूत्रं लॅरी गेलबार्टकडे होती, निर्मिती जीन रेनॉल्ड्सची. कथा १९५० सालच्या कोरियाची असली, तरी बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्हिएतनाम होतं. तिथं तेव्हा अमेरिकी सैनिक अजून होते.

पहिल्या वर्षी मालिका बुडता बुडता वाचली. वाहिनीनं दुसऱ्या वर्षी तिला शनिवारी रात्री दोन गाजलेल्या मालिकांच्या मध्ये बसवलं आणि तिचं नशीब फळफळलं. विनोदी मालिकेला मागून हशाचा आवाज हवाच, असा वाहिनीचा हट्ट होता. गेलबार्ट-रेनॉल्ड्स यांना तो नको होता. शेवटी तडजोड झाली: शस्त्रक्रियेच्या तंबूत हशा नाही. बाहेर कितीही चेष्टा चालू दे, आत शिरलं की हसणारे गप्प. मालिकेचा सगळा तोल या एका अटीवर उभा राहिला.

तीन वर्षांनी दोन खांब हलले.

तळाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक साकारणाऱ्या मॅक्लीन स्टीव्हन्सनला गर्दीतला एक म्हणून राहायचं नव्हतं, त्याला स्वतःची मालिका हवी होती. हेन्री म्हणजे टोपीला मासेमारीचे गळ लावून फिरणारा, कागदांवर न वाचता सह्या करणारा, गोंधळलेला पण भला माणूस. त्याला निरोप द्यायचा, तर घरी पाठवणं ओघानंच आलं. १८ मार्च १९७५ रोजी दाखवलेल्या भागात त्याची सुटका होते, निरोपसमारंभ होतो, नवा कोट घालून तो हेलिकॉप्टरनं जातो. इथं भाग संपला, असं जवळजवळ सगळ्या कलाकारांना वाटलं होतं. गेलबार्टनं शेवटचं पान मागे ठेवलं होतं. मालिकेचा नायक, सर्जन हॉकाय साकारणाऱ्या अॅलन अल्डाला त्याची कल्पना होती, इतरांना ते पान ऐन चित्रीकरणाच्या वेळी मिळालं. त्यात कारकून रडार शस्त्रक्रियेच्या तंबूत येतो, तोंडाला मास्कसुद्धा न लावता, आणि हातातला कागद वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. त्या तंबूत हशा नसण्याची अट होती. त्या रात्री तिचं मोल कळलं.

पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत असं करतात का, हा त्यातला मुख्य सूर. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांनी कित्येक पत्रांना स्वतः उत्तरं लिहिली. युद्धात सगळेच घरी पोचत नाहीत, हे त्यांना दाखवायचं होतं. ते खरंच होतं, पण त्यातून मालिकेपुढं नवा पेच उभा राहिला. ज्या माणसासाठी लोक रडले, त्याच्या खुर्चीत आता कुणाला बसवायचं?

त्याच उन्हाळ्यात दुसरा नट गेला. वेन रॉजर्स 'ट्रॅपर जॉन' होता, हॉकायचा जोडीदार. कादंबरीत आणि चित्रपटात हे दोघे बरोबरीचे. मालिकेत मात्र अल्डाचा हॉकाय वाढत गेला आणि ट्रॅपर त्याच्या विनोदांना टाळी देणारा मित्र होऊन बसला. रॉजर्स वैतागून बाहेर पडला. निर्मात्यांनी करारभंगाचा दावा लावला, तेव्हा कळलं की करारावर रॉजर्सची सहीच नाही. नटाच्या वर्तनाविषयीचं एक कलम त्याला मान्य नव्हतं, म्हणून त्यानं ती केलीच नव्हती. दावा टिकला नाही. मधल्या सुट्टीत गेल्यामुळे त्याला निरोपाचा भागही मिळाला नाही.

लेखकांनी ही अडचणच कथेत घेतली. १२ सप्टेंबर १९७५ रोजी चौथं पर्व एका तासाच्या भागानं सुरू झालं. हॉकाय टोकियोत रजा घालवून तळावर परततो आणि त्याला कळतं, की ट्रॅपरच्या सुटकेचा हुकूम आला आणि तो निघालासुद्धा. रडारला घेऊन तो जीपनं किम्पोचा विमानतळ गाठतो. विमान दहा मिनिटांपूर्वी उडालेलं असतं. चिठ्ठी नाही, पत्र नाही. ट्रॅपरनं रडारच्या मार्फत काय तो एक मुका पाठवलेला. प्रेक्षकांना नटाचा निरोप घेता आला नव्हता, तसाच हॉकायलाही मित्राचा घेता येत नाही.

त्याच विमानतळावर एक उंच, कोऱ्या गणवेशातला कॅप्टन उभा असतो. हा बी. जे. हनिकट, कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीचा. बायकोचं नाव पेग, मुलगी एरिन, अजून अगदी तान्ही. एरिन हे नाव ही भूमिका करणाऱ्या माइक फॅरेलच्या खऱ्याखुऱ्या मुलीचं. फॅरेल तोवर दुपारच्या कौटुंबिक मालिकांमध्ये काम केलेला, फारसा न गाजलेला नट होता.

नव्या माणसाची ओळख करून देण्यात हा भाग वस्ताद आहे. तिघं विमानतळाच्या आवारातून बाहेर येतात, तर जीप चोरीला गेलेली. अधिकाऱ्यांच्या क्लबात शिरायचं, तर रडार साधा कॉर्पोरल. हॉकाय त्याच्या कॉलरला कॅप्टनचे बिल्ले टोचतो आणि त्याला आत घेऊन जातो. मग दुसऱ्याची जीप पळवून परतीचा रस्ता. वाटेत तोफांच्या माऱ्यात सापडलेले जखमी सैनिक दिसतात. बी. जे. डॉक्टर आहे, पण असली जखम त्यानं पाहिलेली नाही. तो रस्त्याच्या कडेला जाऊन भडाभडा ओकतो. हॉकाय कसलंही भाषण न देता त्याच्याजवळ थांबतो. तळावर पोचेपर्यंत दोघं तर्र झालेले असतात आणि बी. जे. तात्पुरता प्रमुख झालेल्या फ्रँक बर्न्सला पहिल्याच भेटीत त्याच्या तोंडावर टोपणनावानं हाक मारतो. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून उतरलेला माणूस संध्याकाळपर्यंत या तंबूतला झाला.

पण तो ट्रॅपर झाला नाही. ट्रॅपर लग्न झालेला असूनही नर्सेसच्या मागे हिंडायचा. बी. जे. बायकोला पत्रं लिहीत बसायचा. लेखकांनी जुन्या साच्यात नवा माणूस ओतला असता, तर तुलना अटळ होती आणि फॅरेल त्यात हरला असता. तरीही बी. जे. पहिली दोन वर्षं जरा जास्तच गुळगुळीत होता, असं प्रस्तुत लेखकाचं मत. चांगुलपणात नाट्य काढणं कठीण असतं. ते त्यांना पुढं, १९७९ मध्ये साधलं. रडार घरी जाताना सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर पेग आणि एरिनला भेटतो, आणि गणवेशातला माणूस बघून पोर त्यालाच बाबा म्हणते. ही बातमी पत्रातून तळावर येते. मग बी. जे. पिऊन हॉकायच्या तोंडावर ठोसा मारतो आणि तंबूतली दारूची भट्टी फोडून टाकतो. चार वर्षं साठवून ठेवलेलं बायकापोरांचं वेड तिथं बाहेर पडतं.

पहिल्या भागानंतर आठवड्यानं, १९ सप्टेंबरला, दुसरा नवा माणूस आला: कर्नल शर्मन पॉटर. हेन्री सैन्यात चुकून आलेला वाटायचा, तर पॉटर पक्का लष्करी गडी. मिसुरीतल्या हॅनिबलचा, पहिल्या महायुद्धात घोडदळात लढलेला. तळावरची मंडळी हादरतात. आता शिस्त, सलाम, कवायत! क्लिंगर सैन्यातून सुटण्यासाठी बायकी कपडे घालून हिंडत असतो. पॉटरनं असले बहाणे गेल्या युद्धांत इतके पाहिलेत, की तो त्याच्यापुढं यादीच वाचतो. मग जखमी येतात, पॉटर हात धुऊन टेबलाशी उभा राहतो, आणि तासन्‌तास चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर हॉकायच्या तंबूत येऊन भट्टीची दारू घेतो. त्यापुढं कुणाला काही सांगायची गरज उरत नाही.

पॉटर साकारणारा हॅरी मॉर्गन तेव्हा साठीचा होता. 'हाय नून'सारख्या चित्रपटांपासून पोलिसी मालिकांपर्यंत सगळीकडे वावरलेला. गंमत अशी, की वर्षभरापूर्वी याच मालिकेत त्यानं एक पूर्ण चळलेला जनरल रंगवला होता. तोच चेहरा आता तळाचा प्रमुख म्हणून आला आणि प्रेक्षकांनी निमूट स्वीकारला. पॉटरच्या टेबलावर बायकोची म्हणून जी तसबीर दिसते, ती मॉर्गनच्या पत्नीची होती. १९८० मध्ये या भूमिकेसाठी त्याला एमी मिळालं.

हे सगळं विश्वासार्ह वाटण्यामागं एक साधं कारण होतं. कोरियात माणसं खरोखरच अशी बदलत होती. १९५० च्या सप्टेंबरात अमेरिकेनं डॉक्टरांच्या सक्तीच्या भरतीचा वेगळा कायदा केला. चांगला चाललेला दवाखाना बंद करून तरुण सर्जन तंबूत येऊन पडत. पुढच्या वर्षीपासून सैनिकांसाठी गुणांचा हिशेब आला: आघाडीवरच्या महिन्याचे गुण जास्त, मागच्याचे कमी, ठरावीक गुण भरले की घरी. मित्र आज टेबलासमोर, उद्या त्याच्या खाटेवर परका. सावरायला वेळ नव्हता, कारण तिथलं काम थांबत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इस्पितळात पोचलेल्या अमेरिकी जखमींपैकी साडेचार टक्के दगावत होते. कोरियात ते प्रमाण अडीच टक्क्यांवर आलं. फाटलेली धमनी नुसती बांधून न टाकता सांधायला सुरुवात झाली, तेव्हा अशा जखमांत अवयव कापावा लागण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं ते तेरा टक्क्यांवर उतरलं.

गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स १९७४ मध्ये दक्षिण कोरियात जाऊन आले. युद्धात काम केलेल्या डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या मुलाखतींचे ढीग त्यांनी जमवले, आणि नंतरच्या लेखकांनीही त्यातूनच कथा काढल्या. भारताच्या लष्करी डॉक्टरांना कुणी विचारलं असतं, तर एखाद्या पर्वाचा मालमसाला तिथंच मिळाला असता. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात उतरली. डिसेंबरात प्योंगयांग सोडून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा सामान न्यायला गाड्याच नव्हत्या. या मंडळींनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांची साखळी करून त्यात पाणी भरलं, सगळी उपकरणं डब्यांत चढवली आणि पूल उडवला जायच्या आत स्वतःच गाडी हाकत पार झाले. पुढं १९५१ च्या मार्चमध्ये त्यांतल्या बारा जणांनी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला उड्या मारल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं. 'मॅश'च्या पडद्यावर यातलं काही आलं नाही.

आता वळू या तिसऱ्या माणसाकडे, कारण मालिकेची खरी कसोटी त्याच्या येण्यात होती.

फ्रँक बर्न्स हा तंबूतला खलनायक. वाईट सर्जन, भित्रा, चुगलखोर, देशभक्तीची पोपटपंची करणारा. लॅरी लिनव्हिलनं तो पाच वर्षं जीव तोडून केला. प्रत्यक्षात तो अत्यंत सुसंस्कृत माणूस होता म्हणतात. पण मुख्य नर्स मार्गारेट हूलिहान त्याची चोरटी प्रेयसी होती, तोवर फ्रँकला काहीतरी आधार होता. लोरेटा स्विटनं ती भूमिका हळूहळू माणसात आणली. १९७६ मध्ये मार्गारेटचा दुसऱ्याच अधिकाऱ्याशी साखरपुडा झाला आणि १९७७ च्या मार्चमध्ये लग्न. फ्रँकजवळ फक्त मूर्खपणा उरला. या पात्राला पुढं वाट नाही, हे लिनव्हिलनं ओळखलं आणि तो बाहेर पडला. गेलबार्ट चौथ्या पर्वानंतर गेलाच होता, रेनॉल्ड्सही आता गेला. सूत्रं बर्ट मेटकाफकडे आली.

सोपा मार्ग दुसरा फ्रँक आणण्याचा होता. मेटकाफनं उलटा रस्ता धरला. हॉकाय-बी. जे.ना असा शत्रू द्यायचा, की ज्याच्याकडे त्यांच्याइतकी बुद्धी, त्यांच्यापेक्षा जास्त शिक्षण आणि हातात कदाचित त्यांच्याहून सफाई असेल. फ्रँकची थट्टा करणं एकतर्फी होतं; पाच वर्षांत त्याची धार गेली होती. मेटकाफनं 'मेरी टायलर मूर शो'मध्ये डेव्हिड ऑगडन स्टायर्स नावाचा धिप्पाड, जाड आवाजाचा नट पाहिला होता. ज्युलियर्डमध्ये शिकलेला, इलिनॉयमध्ये जन्मून ऑरेगॉनमध्ये वाढलेला. बॉस्टनच्या खानदानी घराचा ठसका त्यानं कमावून आणला.

२० सप्टेंबर १९७७ रोजी, पुन्हा एका तासाच्या भागात, मेजर चार्ल्स एमर्सन विंचेस्टर तिसरा अवतरला. मार्गारेटच्या लग्नानंतर फ्रँकचं डोकं फिरलं आहे, तो सोलमध्ये धिंगाणा घालून बेपत्ता आहे, आणि तळाला सर्जन कमी पडतो आहे. टोकियोच्या इस्पितळात विंचेस्टर मजेत आहे. तिथल्या वरिष्ठाबरोबर क्रिबेज खेळतो आणि इतका जिंकतो, की वरिष्ठ मोठ्या रकमेचा देणेकरी होऊन बसतो. सर्जन पाठवा म्हणून फोन येताच त्याला देणं फेडायची नामी युक्ती सुचते. विंचेस्टरची तात्पुरती रवानगी होते आणि ती तात्पुरती राहत नाही. खाट मिळते ती फ्रँकची.

शस्त्रक्रियेच्या तंबूतला त्याचा पहिला दिवस बघण्याजोगा आहे. हार्वर्डमध्ये शिकलेला, छातीच्या शस्त्रक्रियांत वाकबगार हा माणूस एकेक टाका मोजून घालतो. बाहेर जखमींची रांग लागलेली. शेजारच्या टेबलांवर दोन-तीन रुग्ण होऊन जातात, याचा पहिलाच चालू. पॉटर घाई कर म्हणतो. एका वेळी एकच काम, पण चोख, ही आपली रीत तो ताठ मानेनं सांगतो. इथं ती चालत नाही, हे थोड्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. आणि तरीही हृदयाला इजा झालेला एक जखमी येतो, तेव्हा तो वाचवण्याचं कसब त्याच्याच हातात असतं. हरला का जिंकला? लेखकांनी निकाल दिला नाही. फ्रँकला मात्र दिला: चौकशी होऊन तो निर्दोष सुटतो, बढती मिळून लेफ्टनंट कर्नल होतो आणि इंडियानातल्या इस्पितळात जातो. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कुठल्याही वाचकाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पहिल्या काही महिन्यांत विंचेस्टरचा उपयोग हशासाठी झाला. १९७८ च्या जानेवारीतल्या एका भागात तो रात्रंदिवस फ्रेंच हॉर्न वाजवतो, बेसूर. तो थांबेपर्यंत अंघोळ करायची नाही, असा हॉकाय-बी. जे. पण करतात. सगळा तळ नाक मुठीत धरून बसतो आणि शेवटी ते वाद्य जीपच्या चाकाखाली चपटं होतं. पण संगीत हे त्याच्या मनाचं दार आहे, हे लेखकांच्या लक्षात आलं. पुढं हाताची बोटं निकामी झालेला एक सैनिक येतो, मूळचा पियानोवादक. विंचेस्टर त्याला राव्हेलची डाव्या हातासाठीची रचना आणून देतो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी राव्हेलनं ती लिहिली होती. स्टायर्स स्वतः पुढं ऑरेगॉनमध्ये वाद्यवृंदाचं संचालन करत असे, त्यामुळे त्या प्रसंगात अभिनयाबरोबर जाणकारीही दिसते.

सगळ्यांत चांगला विंचेस्टर १५ डिसेंबर १९८० च्या नाताळाच्या भागात आहे. घराण्याची परंपरा म्हणून तो अनाथाश्रमाच्या दारात उंची चॉकलेटं गुपचूप ठेवून येतो. दानाचा गवगवा करायचा नाही, हा नियम. म्हणून तळावरचे त्याला कंजूष समजतात आणि तो ऐकून घेतो. मग कळतं, की चॉकलेटं काळ्या बाजारात विकली गेली. तो संतापून आश्रमचालकाला जाब विचारतो. चालक सांगतो, की गोड एका क्षणात संपलं असतं, त्या पैशात पोरांना महिनाभराचा तांदूळ आणि कोबी आला. विंचेस्टर माफी मागतो. ज्याला जेवणच नाही त्याच्यापुढं गोडाचं ताट ठेवणं ही चूक आपली, अशा अर्थाचं बोलतो. हे सारं क्लिंगरनं आडून ऐकलेलं असतं. रात्री तो पार्टीतलं उरलेलं जेवण त्याच्या तंबूत घेऊन येतो, आणि नाव कुठंही फुटू द्यायचं नाही, ही त्याचीच अट त्याला परत ऐकवतो. मेजर आणि कॉर्पोरल त्या रात्रीपुरते एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. या भागाचा दिग्दर्शक माइक फॅरेल, म्हणजे बी. जे. स्वतः.

फ्रँकच्या जागी आलेला माणूस फ्रँकसारखा असता, तर हा प्रसंग लिहिताच आला नसता. आणि हॉकायही बदलला नसता. तोडीस तोड उत्तर देणारा समोर आल्यावर त्याचेही काही विनोद फुकट जाऊ लागले, ते बरंच झालं.

रडार गेला तेव्हा मात्र बाहेरून कुणी आणलं नाही. ती भूमिका करणारा गॅरी बर्घॉफ थकला होता, १९७९ च्या ऑक्टोबरात त्याचा निरोप झाला आणि कारकुनाची खुर्ची क्लिंगरला मिळाली. बायकी झगे कपाटात गेले. जेमी फार या नटानं ते काम नेकीनं केलं, पण रडारला हेलिकॉप्टर कानावर यायच्या आधी कळायचं, ती जादू क्लिंगरच्या रजिस्टरांत नव्हती.

२८ फेब्रुवारी १९८३ रोजी अडीच तासांचा शेवटचा भाग झाला. दहा कोटींच्या वर अमेरिकनांनी तो पाहिला. तिथं विंचेस्टर शरण आलेल्या पाच चिनी वादकांना मोत्सार्ट शिकवतो, ते युद्धबंद्यांच्या अदलाबदलीसाठी जाताना मारले जातात, आणि तो स्वतः कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसून घरची वाट धरतो.

आणि ट्रॅपर जॉन? त्याला सीबीएसनंच १९७९ मध्ये परत आणलं, 'ट्रॅपर जॉन, एम. डी.' या स्वतंत्र मालिकेत, सॅन फ्रान्सिस्कोतला पिकल्या दाढीचा सर्जन म्हणून. 'मॅश'नं जे स्वतः सहसा केलं नाही ते तिथं झालं: नाव तेच, चेहरा दुसरा. भूमिका पर्नेल रॉबर्ट्सनं केली, जो १९६५ मध्ये 'बोनान्झा' ही तुफान चाललेली मालिका ऐन भरात सोडून गेला होता. नव्या मालिकेच्या मिळकतीवरून खटला झाला, त्यात ती मालिकेची नव्हे तर १९७० च्या चित्रपटाची शाखा ठरली. वेन रॉजर्स त्याच साली त्याच वाहिनीवर 'हाउस कॉल्स' नावाच्या विनोदी मालिकेत झळकला. तिथंही तो डॉक्टरच होता.